कोरा कागद देऊ नका : चिंतारोगाच्या शुश्रूषेला चित्र, रांगोळी आणि मातीची जोड

‘जीव घाबरते.’ ‘छातीत धडधडते.’ ‘डोयाले डोया लागत नाई.’ विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चिंतारोग बहुतेक वेळा असे शब्द घेऊन येतो. ‘मला चिंता वाटते’ असं म्हणणारा रुग्ण विरळा. ईसीजी ठीक निघतो, साखर ठीक निघते, आणि ‘काही नाही, टेन्शन आहे’ एवढं ऐकून माणूस घरी जातो. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो परत त्याच बाकावर असतो.

डॉक्टरांनी निदान करून गोळ्या सुरू केल्या, तरी गुण यायला काही आठवडे जातात. त्या काळात रुग्णाची नाडी धरणारी माणसं म्हणजे सिस्टर, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि समुदाय आरोग्य अधिकारी. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. कला-उपचार हा प्रशिक्षित कला-उपचारकाचा वेगळा व्यवसाय आहे आणि त्याची नक्कल इथे करायची नाही. शुश्रूषेतच बसणारं, अर्ध्या-पाऊण तासाचं हातकाम एवढाच इथला विषय. ते गोळ्या आणि समुपदेशन यांच्या जोडीनं करायचं, त्यांच्या जागी नाही. केसपेपरवरही ‘चित्रकाम घेतले’ असंच लिहा, ‘आर्ट थेरपी दिली’ असं नको.

आधी शरीर

धडधड, थरथर, घाम ही लक्षणं थायरॉइड वाढल्यावर, रक्त कमी असल्यावर, साखर उतरल्यावरही दिसतात. या तपासण्या झाल्यात की नाही ते पाहूनच रंगाचा डबा उघडा. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी आधी, त्यातही वय चाळिशीपुढचं किंवा मधुमेह असेल तर जराही उशीर नको.

फवारणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणखी एक गोष्ट. घाम, थरथर, बेचैनी घेऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या बघा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी, मळमळ असेल तर ती चिंता नव्हे, कीटकनाशकाची विषबाधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले ते या विषानंच. कपडे काढून अंग साबणपाण्यानं धुवा, स्वतः हातमोजे घाला, लगेच डॉक्टरांना बोलवा.

शरीराची बाजू मिटली की जीएडी-७ ही चिंता मोजणारी ७ प्रश्नांची यादी विचारा. मागच्या २ आठवड्यांत हे किती वेळा झालं, असं विचारायचं आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २१ पैकी ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. यादी वाचायला लावू नका, आपणच बोलीत विचारा.

आपण नर्सिंगच्या अभ्यासात शिकलेल्या, परिचर्यातज्ज्ञ पेपलाऊबाईंनी सांगितलेल्या चिंतेच्या ४ पायऱ्या इथे खऱ्या कामाला येतात : सौम्य, मध्यम, तीव्र, पॅनिक. हातकाम पहिल्या दोन पायऱ्यांसाठीच. तीव्र चिंतेत माणसाला सूचना ऐकूच येत नाहीत, तिथे रंगपेटी पुढे करणं म्हणजे आणखी एक परीक्षा. अशा वेळी जवळ बसा, वाक्यं तीन-चार शब्दांची ठेवा, तळपाय जमिनीला टेकवायला सांगा आणि श्वास सोडणं लांबवा. पॅनिकचा झटका साधारण १० मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरतो. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका, कारण आजार हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर ती पिशवी घातक ठरते.

कोरा कागद का नको

‘तुम्हाला जे वाटतं ते काढा’ हे वाक्य ऐकायला मोकळं वाटतं. चिंतेनं ग्रासलेल्या माणसाला मात्र ते जड जातं. काय काढू, चुकलं तर, सिस्टर हसतील का, आणि शेवटी ‘मले तं पेन्सिल बी धरता येत नाई’. चिंतेचा स्वभावच असा की मोकळी जागा दिसली की ती काळजीनं भरून टाकते. म्हणून सुरुवात आखलेल्या कामापासून करायची.

याला थोडा आधारही आहे. २००५ साली करी आणि कॅसर या अमेरिकी संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिंतेत टाकलं, मग काहींना मंडल (वर्तुळातली नक्षी), काहींना चौकड्यांची नक्षी आणि काहींना कोरा कागद रंगवायला दिला. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता घटली, कोऱ्या कागदावर तसा फरक दिसला नाही. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा भेद तितका ठळक आलेला नाही, तेव्हा याला दगडावरची रेघ मानू नका. २०१६ मध्ये गिरिजा कैमल यांच्या पाहणीत ४५ मिनिटांच्या कलाकामानंतर ३९ प्रौढांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. पण ते सगळे निरोगी होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. ‘यानं आजार बरा होतो’ असं कोणालाही सांगू नका. ‘यानं घटकाभर जीव ठिकाणावर येतो आणि तो कसा आणायचा हे हाताला कळतं’, एवढं सांगा.

आपल्याकडे आखलेलं काम शोधायला लांब जावं लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी आहेच. बायकांना ती सवयीची असते. पुरुष मात्र ‘हे बायांचं काम’ म्हणून हात आखडता घेतात, त्यांना खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या चौकड्या भरायला द्या, नाहीतर मातीचा बैल. शेताचा नकाशाही पुरुष मन लावून काढतात : धुरे, विहीर, बांधावरचं बाभूळ, गोठा. पण पहिल्याच दिवशी स्वतःचं शेत काढायला सांगू नका. त्या शेतावर कर्ज असतं, कधी वाटणीचं भांडण असतं.

सामान

सहा जणांना पुरेल एवढं : ए-४ आकाराचे ३० कागद, त्यातले १० जाड कार्ट्रिजचे. साधा झेरॉक्सचा कागद पाण्याच्या रंगानं सुरकुततो, आणि सुरकुतला की रुग्णाला वाटतं आपणच बिघडवला. तो कोरड्या रंगांनाच वापरा. १२ रंगांच्या तेलखडूंच्या ३ पेट्या, ४बी पेन्सिली ६, जुन्या कॅलेंडरची पानं (मागची बाजू उत्तम), तांदळाचं पीठ अर्धा किलो, गेरू पाव किलो. माती माणशी ३५० ग्रॅम. कात्री, ब्लेड, टाचण्या नकोतच. पेन्सिलीला टोक आधीच करून ठेवा आणि शार्पनर स्वतःकडे ठेवा.

बाजारातली दगडी रांगोळी उडते आणि दमेकऱ्याला त्रास देते, म्हणून पीठ. चुना टाळा : कापूस वेचून बोटं चिरलेली असतात, त्यात चुना झोंबतो. मेच्या उन्हात तेलखडू आणि मेणखडू मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, डबा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पंख्यानं कागद उडतात, प्रत्येकाला दोन गुळगुळीत खडे द्या. आणि चष्मा विचारा. चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांना जवळचं दिसत नसतं, ते सांगत नाहीत, नुसतं ‘नाही जमत’ म्हणतात.

पहिली बैठक

वेळ ओपीडी संपल्यानंतरची, पण शेवटच्या एसटीच्या आधी दीड तास तरी. गाडी चुकेल ही धास्ती असताना कोणाचाही हात स्थिर राहत नाही. पहिल्या दोन बैठका एकेकट्याच्या, २५ ते ३० मिनिटांच्या. गट नंतर, ४ ते ६ जणांचा, ४५ मिनिटांचा. चारचौघांत बोलायची भीती असलेल्याला भिंतीकडे पाठ येईल आणि दार दिसेल अशी जागा द्या.

आल्या आल्या खर्रा किंवा तंबाखू कधी खाल्ली ते विचारा. तंबाखूनं नाडी वाढते, तेव्हा अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर आधीचा आणि नंतरचा आकडा जुळवून काही अर्थ निघणार नाही. कडक चहाचंही तसंच. मग पूर्ण १ मिनिट नाडी मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणू नका.

आता दाणे. एका वाटीत तुरीचे १० दाणे आणि शेजारी रिकामी वाटी ठेवा. ‘काकाजी, आत्ता या घडीला जीव किती घाबरते? अजिबात नाही तर एकही दाणा नाही, सहन होईना इतकं तर दहाही. तेवढे दाणे इकडे टाका.’ अक्षरओळख नसलेल्यालाही हे जमतं, आणि तोंडी आकडा विचारला की सगळेच ‘पाच’ म्हणतात, तसं यात होत नाही.

पुढे श्वासाची रेघ. कागदाच्या डाव्या कडेपासून तेलखडू टेकवून श्वास घेताना रेघ वर न्यायची, सोडताना सावकाश खाली आणि लांब आणायची. घेताना मनात ४ पर्यंत मोजायचं, सोडताना ६ पर्यंत. असे १० डोंगर. दमा किंवा खोकला असणाऱ्याला मोजमाप देऊ नका, ‘सोडताना जरा हळू’ एवढंच सांगा. सुरुवातीचे डोंगर टोकदार आणि दाटीवाटीचे येतात, पुढचे पसरट होत जातात. ते रुग्णाला बोटानं दाखवा, शब्दांनी कौतुक नको.

मग मुख्य काम : ७ ओळी, ७ ठिपके, दोन ठिपक्यांत २ सेंटीमीटर. ठिपके सिस्टरनं आधीच काढून ठेवायचे. रुग्णानं फक्त जोडायचे आणि रकाने भरायचे. रंग तीनच द्या, बारा दिले की निवडीतच दहा मिनिटं जातात आणि घालमेल वाढते. वेळ १५ ते २० मिनिटं. या वेळात आपण गप्प बसायचं, शक्य तर शेजारी स्वतःही एक कागद भरायचा. टक लावून बघत बसलेली सिस्टर म्हणजे परीक्षकच. फोन बाजूला ठेवा.

शेवटी परत दाणे, परत नाडी, आणि एकच प्रश्न : ‘हात चालू होता तेव्हा डोक्यात काय चालू होतं?’ उत्तर आलं तर त्याच शब्दांत लिहून घ्या. नाही आलं तर राहू द्या. दाणे दोनानं कमी झाले तरी पुष्कळ झालं. तितकेच राहिले तर तसंच लिहा. वाढले तर माणूस शांत होईपर्यंत घरी पाठवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आठवड्यातून एक बैठक, ८ आठवडे. घरी रोज १० मिनिटं श्वासाची रेघ, झोपण्याआधी, जुन्या कागदावर किंवा पाटीवर. ती रेघ घरी खरंच होते की नाही हे आशाताईंना गृहभेटीत विचारायला सांगा. विचारणारं कोणी असलं की सवय टिकते.

माती

ज्यांचं अंग आखडलेलं असतं, जबडा आवळलेला असतो, मुठी मिटलेल्या असतात, त्यांना कागदापेक्षा माती मानवते. मात्र कपाशीच्या रानातली काळी माती थेट उचलू नका. ती पाण्यानं फुगते, वाळताना आकसते आणि तडकते, शिवाय तिच्यात फवारणीचे अंश असतात. कुंभाराकडची तयार माती घ्या, नाहीतर तलावाचा-बोडीचा गाळ आणा, चाळा, रात्रभर भिजवा आणि ४ भागांना १ भाग बारीक रेती मळा. हाताला चिकटेनाशी झाली की झाली. हाताला उघडी जखम असेल तर माती नको.

घडवण्याआधी दाबणं. गोळा दोन्ही हातांत धरून ५ सेकंद पूर्ण जोरानं आवळायचा, १० सेकंद सोडायचा, असं ५ वेळा. आवळलेला आणि सैल हात यातला फरक बोटांना कळणं हाच यातला फायदा.

बैल करताना पाय वेगळे करून चिकटवायला सांगू नका, तिथेच तो मोडतो. एकाच गोळ्यातून अंगठ्याएवढे जाड, आखूड पाय ओढून काढायचे. शिंगं मात्र जोडावी लागतात : दोन्ही बाजू काडीनं ओरबाडा, मातीचा पातळ घोळ लावा, दाबून धरा. पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, मग ४-५ दिवस सावलीत. उन्हात ठेवला की वरचं आधी वाळतं, आतलं मागे राहतं, आणि पोटाला चीर जाते. चीर जाऊ शकते हे आधीच सांगून ठेवा आणि घोळ भरून ती बुजवायची कशी तेही दाखवा. चिंतेच्या रुग्णाला मोडलेला बैल फार लागतो, पण बुजवता येणारी चीर त्याच्या कामाची असते. पोळ्याच्या सुमाराला हे काम घेतलं तर बैल घरी तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हाती जातो, आणि ‘दवाखान्यात माती खेळतो’ हे टोमणे आपोआप थांबतात.

काळजीचं रिंगण आणि एसटीच्या पायऱ्या

चौथ्या-पाचव्या बैठकीला, माणूस रुळला की, ताटलीएवढं रिंगण काढा. ज्यावर या आठवड्यात काही करता येईल त्या काळज्या आत, बाकीच्या बाहेर. शब्द नकोत, खुणा चालतील. पाऊस बाहेर, कापसाचा भाव बाहेर. पीकविम्याचा कागद आत, बँकेत जाऊन विचारणं आत, पोरीच्या शाळेचा दाखला आत. बोंडअळीवर सहसा वाद होतो. होऊ द्या : कामगंध सापळे लावणं आत, अळी येणं बाहेर. आतल्यांपैकी फक्त एक निवडून तिच्यासमोर वार लिहायचा. बाहेरच्या काळज्यांना ‘सोडून द्या’ असं म्हणू नका, त्या सुटत नसतात. त्यांना संध्याकाळची १५ मिनिटं ठरवून द्या. एरवी आठवण आली की ‘संध्याकाळी’ म्हणायचं.

टाळाटाळ हा चिंतेचा खुराक आहे. एसटीत जीव घाबरतो म्हणून जी बाई माहेरी जाणं सोडते, तिची भीती दर महिन्याला थोडी वाढते. तिच्याबरोबर पायऱ्यांचं चित्र काढा : फाट्यावर उभं राहणं, उभ्या गाडीत बसून उतरणं, सोबतीनं एक थांबा, सोबतीनं तालुक्यापर्यंत, एकटीनं एक थांबा, एकटीनं तालुका. प्रत्येक पायरीसमोर तुरीच्या दाण्यांचा आकडा. आधी सर्वांत कमी दाण्यांची पायरी, आणि भीती उतरेपर्यंत तिथे थांबायचं. भीती चढलेली असताना पळून आलं तर उलटाच धडा मिळतो. ही पायऱ्यांची योजना डॉक्टर किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञाला दाखवूनच सुरू करा.

इथे एक खाचखळगा आहे, फारसा कोणी बोलत नाही असा. चित्रकाम हीच टाळाटाळ होऊ शकते. ‘बाजारात जीव घाबरते म्हणून घरीच ठिपके भरत बसते’ असं कोणी आनंदानं सांगितलं तर खूश होऊ नका. रेघ बाजारात जाण्याआधी काढायची, बाजाराऐवजी नाही.

बाकी काय बिघडतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे चित्राचा अर्थ लावणं. काळा रंग म्हणजे दुःख, दार नसलेलं घर म्हणजे एकटेपण, असलं काही बोलू नका, लिहू नका. काळा खडू कित्येकदा नुसता जवळ होता म्हणून उचललेला असतो. पण चित्रात किंवा बोलण्यात मरणाचा उल्लेख आला तर अर्थही लावू नका आणि विषयही बदलू नका. सरळ विचारा : ‘भाऊ, जीव द्यावासा वाटते काय? कसं, ते ठरवलं काय?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, डॉक्टरांना बोलवा आणि घरच्यांना फवारणीचं औषध कुलपात ठेवायला किंवा घराबाहेर हलवायला सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

‘सुंदर’, ‘छान’ हे शब्दही जपून वापरा. आज छान म्हटलं की पुढच्या वेळी छान व्हायलाच हवं. ‘हा कोपरा निळ्यानं भरला’ असं दिसतं तेवढंच बोला.

वारंवार हात धुणं, मोजणं, तपासणं असलेल्यांना ठिपक्यांचं काम देऊ नका, मोजणी हाच त्यांचा आजार बनून बसतो. चिखलाचाही त्यांना त्रास होतो. भ्रम-भास असणारे आणि उन्मादाच्या झटक्यातले रुग्ण या गटात बसवू नका. अंगात येतं, बाहेरचं आहे असं घरच्यांचं म्हणणं असेल तर वाद घालू नका, फक्त गोळी आणि बैठक चुकणार नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

गोळ्यांशी मेळ

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन या चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण साधारण २ ते ४ आठवड्यांत दिसू लागतो, पुष्कळांना त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत उलट बेचैनी, मळमळ, थरथर वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण गोळीच बंद करतो. हात थरथरत असेल तर बारीक रकाने देऊ नका, मोठे आकार आणि जाड खडू द्या, नाहीतर थरथर कागदावर दिसते आणि घाबरेपण वाढतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या तात्पुरतं शांत करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला गुंगी असते, गोळीनंतर लगेच बैठक नको. अशी गोळी मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने खाणारे रुग्ण भेटतील. त्यांना ‘बंद करा’ म्हणू नका. एकदम थांबवल्यास फिटचे झटके येऊ शकतात, ती कमी करणं डॉक्टरांच्या हातात.

नोंद आणि पुढे पाठवणं

नोंद चार ओळींची पुरते : ‘दु. २.१०. दाणे ७, नाडी ९६. ठिपके ७×७, १८ मिनिटे. नंतर दाणे ४, नाडी ८४. “मोजता मोजता कर्जाचं इसरलो” म्हणाले. झोप ४ तास, गोळ्या चुकल्या नाहीत.’ कागद रुग्णाचा, त्याला हवा तर घरी न्यावा, नको तर फाईलला बंद. व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो टाकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं उपचाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि गावात चित्रावरूनही माणूस ओळखला जातो.

चौथ्या आणि आठव्या आठवड्याला जीएडी-७ परत विचारा. ४-५ गुणांची घट असेल तर योजना चालू ठेवा. आठव्या आठवड्यालाही १० च्या वर असेल, झोप-जेवण सुटलेलं असेल, दारू वाढलेली असेल किंवा कामावर जाणं थांबलं असेल तर आणखी बैठका लांबवू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते चौकशी करून चिठ्ठीवर लिहून द्या, सोबत कोण जाणार ते ठरवा आणि नोंदींचा कागद जोडा. वेचणी ऐन भरात असताना सहसा कोणी मजुरी बुडवून जात नाही, म्हणून तारीख देण्याआधी शेतात काय चाललं आहे ते विचारून घ्या.